गारमाळची पिवळी घोंगडी

या, जवळ सरका बाळांनो, आणि पाय पांघरुणात घ्या. ही गोष्ट थंडीची आहे.

उंच डोंगराच्या माथ्यावर गारमाळ नावाचं एक चिमुकलं गाव होतं. पौषात तिथं असा गारठा पडायचा की सकाळी गवताच्या पात्यापात्यावर पांढरेशुभ्र मणी लकाकायचे, रांजणातलं पाणी बोटांना चावायचं आणि कोंबडासुद्धा आरवायला उशीर करायचा. त्या गावाच्या अगदी टोकाला, एका खोलीच्या घरात ठकू राहायची. नऊ वर्षांची, बारकीशी, केसांच्या दोन दोरीएवढ्या वेण्या. घरात तिचा दादा सिदू आणि एक माग, एवढंच. सिदू मागावर काळी घोंगडी विणायचा. ठकू चिंचोके भिजवायची, वाटायची, त्यांची खळ शिजवून घोंगड्यांना लावायची. खळीनं तिचे इवलेसे तळवे फाटले होते. रात्री एकच भाकरी असली की दादा मोठा तुकडा तिच्याकडे सरकवायचा, ती म्हणायची मला भूक नाही, आणि दोघंही खोटं बोलायची.

त्यांचे वडील ठकू रांगत होती तेव्हाच गेले होते. आई, राही तिचं नाव, ती गेल्या माघात गेली. कशी गेली ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दर पौष पौर्णिमेला गारमाळ आणि दरीतलं उंबरठाण यांचा हुतूतूचा सामना असायचा. उंबरठाणचा रंग तांबडा, गारमाळचा पिवळा. उंबरठाणची माणसं तांबडी पागोटी, तांबडी लुगडी लेवून अशी झोकात डोंगर चढून यायची की बघत राहावं. आणि आमचे गारमाळकर? पिवळं तेही घालायचे, नाही कशाला म्हणू? पण आत! पिवळ्या बंडीवर एक घोंगडी, तिच्यावर दुसरी, आणि वर फक्त नाक. सगळं गाव काळंकुट्ट बसायचं. बरं, घोंगडी रंगवायची म्हटलं तरी जमत नाही. मेंढ्या काळ्या, लोकर काळी, आणि काळ्यावर दुसरा रंग चढत नाही. मी तिथं असते तर एकेकाला चांगलं सुनावलं असतं, पण थंडी माझ्या हाडांत थोडीच शिरत होती.

सिदू गावातला सगळ्यात चांगला खेळगडी. दम धरून तो परक्या अंगणात शिरायचा, दुरून कडेला बघायचा, आणि तिथं नुसता काळोख दिसला की त्याचा धीर सुटायचा. आईच्या ते ध्यानात आलं. गेल्या वर्षी तिनं आपली घोंगडी काढून ठकूला गुंडाळली, आणि स्वतः हळदीसारख्या पिवळ्या लुगड्यात, हाताची घडी घालून, सामना संपेपर्यंत रेषेजवळ उभी राहिली. त्या सगळ्या काळ्यात एकच पिवळा ठिपका. सिदूनं तो बघितला आणि सामना जिंकून दिला. संध्याकाळी आईला खोकला सुरू झाला. माघ संपायच्या आत ती गेली.

तेव्हापासून सिदू हसला नव्हता. रडलाही नव्हता, आणि तेच ठकूला जास्त भेववायचं. तो विणायचा, जेवायचा, झोपायचा. विचारलं तर हूं म्हणायचा. तो रडत नाही म्हणून तीही रडायची नाही. दादा असाच आतून मिटत गेला तर एक दिवस तोही आपल्याला सोडून जाईल, अशी तिला धास्ती होती.

पुन्हा पौष आला. खेळाडू पोरं सिदूला बोलवायला आली. सिदूनं मागावरचा हात न थांबवता सांगितलं की माझा दम गेला, मला धरू नका. पोरं मान खाली घालून परतली.

ठकूच्या मनानं घेतलं की दादाला कडेला पिवळं दिसलं की तो खेळेल, आणि खेळला की पुन्हा आपला दादा होईल. ती दारोदार फिरली. म्हादूतात्यांना म्हणाली, यंदा वरून पिवळं घाला. ऐंशी वर्षांच्या तात्यांनी दोन घोंगड्या बाजूला करून आतली पिवळी बंडी दाखवली आणि म्हणाले की पोरी, मन पिवळं आहे की नाही ते बघ. शेजारची चंपाकाकू म्हणाली, घालीन हो, पण आधी सूर्याला सांग जरा जवळ यायला. कुणी तिला गूळ दिला, कुणी शेंगा दिल्या, पिवळ्याचा शब्द मात्र कुणीच दिला नाही. चुकलं तरी कुणाचं? गार वाऱ्यात उघडं राहिलं की काय होतं ते साऱ्यांनी राहीच्या घरी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू देवबाभळीच्या बनात गेली. मेंढ्या तिथून जाताना काट्यांना लोकरीचे पुंजके अडकतात, ते ती वेचून आणायची. देवबाभळी ऐन फुलात होत्या. पिवळ्याधमक, लोकरीच्या गोंड्यांसारख्या फुलांनी फांदी अन् फांदी लहडली होती, वास असा गोड की श्वास घेतच राहावा, आणि दवाच्या थेंबाथेंबात इवली इवली इंद्रधनुष्यं थरथरत होती. एका फांदीवर ठकूला फुलांच्या मध्ये काहीतरी कुडकुडताना दिसलं. करंगळीएवढी एक परी! अंगात बाभळीच्या फुलाचा झगा, पाठीवर पाण्यासारखे दोन पंखुले. पंखुल्यांवर दव गोठलं होतं, त्यामुळे तिला उडता येत नव्हतं.

ठकूनं सकाळभर वेचलेली सगळी लोकर तिच्याभोवती अलगद लपेटली, तळहातांचं घरटं केलं आणि हळूहळू फुंकर घालत बसली. ऊन वर आलं. पंखुल्यांवरचं दव वितळलं, आणि ते सोनेरी, निळे, गुलाबी असे झगमगायला लागले.

"किती खरखरीत हात गं तुझे, आणि किती ऊबदार," परी म्हणाली. "माग काहीतरी. दोन इच्छा देईन. तीन द्यायला मी एवढी मोठी परी नाही."

ठकूनं क्षणही लावला नाही.

"माझी आई दे."

परीचे पंखुले मिटले. ती ठकूच्या अंगठ्याला टेकली. मग म्हणाली, "गेलेलं माणूस मला आणता येत नाही, सोनुले. आणता आलं असतं तर तू मागायच्या आधी आणलं असतं."

ठकूनं मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं, तरी विचारल्यावाचून राहवलं नाही. परीनं मग बाकीचे नियम सांगितले. स्वतःसाठी काही मागायचं नाही, आणि मागणाऱ्याच्या वस्तूला जादू आपणहून शिवत नाही. एकदा दिलेलं परत घेता येत नाही. आणि कुणाच्या मनाला जादू लागत नाही, मन ज्याचं त्यानंच वळवायचं. ठकूनं नियम बोटांवर मोजून ऐकले आणि म्हणाली की गारमाळच्या सगळ्यांच्या अंगावर पिवळं दिसू दे.

एवढंच का, असं परीनं दोनदा विचारलं. एवढंच, असं ठकूनं दोनदा सांगितलं. अगं पोरी, जरा थांबायचं होतंस! पण नऊ वर्षांच्या पोरीला कोण थांबवणार.

दुसऱ्या दिवशी गावात एकच गलबला. काळ्यावर रंग चढत नाही, म्हणून जादूनं काळी लोकरच घालवून टाकली होती. घरोघरच्या घोंगड्यांचे झुळझुळीत पिवळे शेले झाले होते, तलम, सोनसळी, किनारीला चिमुकल्या चांदण्या. फक्त ठकूच्या घरातल्या घोंगड्या तेवढ्या काळ्या राहिल्या. तिच्या अंगावरची तर आईची होती, गेल्या वर्षी रेषेजवळ तिच्याभोवती गुंडाळलेली. तिला अजून आईचा वास यायचा.

गाव हरखून गेलं. बाया विहिरीवर पदरासारखे शेले मिरवू लागल्या, म्हातारे चावडीवर ऐटीत बसू लागले. पण शेल्यानं थंडी थोडीच जाते? पहिल्या दिवशी हौस होती. दुसऱ्या दिवशी लोक शेकोटीपासून हलेनात. तिसऱ्या दिवशी सकाळी ठकू दळणाला निघाली तर म्हादूतात्यांच्या घरातून खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, एकदा सुरू झाला की थांबेना असा. ठकू दारातच खिळून उभी राहिली. हा खोकला तिनं महिनाभर रात्रंदिवस ऐकला होता.

ती दळण तिथंच टाकून बनाकडे धावत सुटली.

"परत घे," ती धापा टाकत म्हणाली. "पिवळं नको मला. तात्या मरतील."

परत घेता येत नाही, असं परीनं हळूच सांगितलं. दुसरी इच्छा मात्र बाकी होती. मग सगळ्यांना ऊब दे, ठकू म्हणाली. परी फांदीवरून उतरून तिच्या मनगटावर येऊन बसली आणि म्हणाली की रंग मी करू शकते, पण ऊब मला करता येत नाही, एकीकडची दुसरीकडे नेता येते तेवढी. मेंढ्यांची घेऊ का? ठकूला कळपातली कोकरं आठवली आणि ती नाही म्हणाली. चुलींची घेऊ का? मग भाकरी कशावर भाजायच्या? ठकूला तेही पटेना. तिनं अंगावरची घोंगडी घट्ट धरली, आणि धरतानाच तिला उमगलं.

"हिची घेशील?" तिनं विचारलं. "पण एवढ्याशा घोंगडीची ऊब अख्ख्या गावाला पुरेल?"

"तुझ्या आईनं स्वतःची ऊब काढून हिच्यात ठेवली आहे. पुरेल, बाळ. पण मग हिच्यात काही उरणार नाही. वाससुद्धा नाही."

ठकूनं दुपारपर्यंतची सवड मागितली. बाभळीखाली ती घोंगडी डोक्यावरून घेऊन बसली. आत अंधार होता, आणि आई होती. चुलीच्या धुराची, चिंचोक्याच्या खळीची, केसांतल्या करंजेलाची आई. ठकूनं तो वास पुन्हा पुन्हा आत ओढला, पाठ करावा तसा. वास काही पाठ होत नाही, हे तिला तिथंच कळलं आणि फार फार वाईट वाटलं. ऊन कलायला लागलं तेव्हा ती बाहेर आली. घोंगडीची नीट चौघडी केली आणि परीपुढं ठेवली. परीनं तिच्यावर हात ठेवला. घोंगडी तशीच काळी राहिली, पण गार पडली, अंगणात विसरलेल्या दगडासारखी. ठकूनं तिला नाक लावलं. नुसती लोकर होती.

तिकडे गावात पिवळे शेले फुगले, जाड झाले, मऊ झाले. दुसऱ्या दिवशी तात्यांचा खोकला थांबला. लोकांना वाटलं देवाचीच करणी. दोघातिघांनी मात्र ठामपणे सांगितलं की ही सगळी नव्या खळीची कमाल आहे. अशी माणसं प्रत्येक गावात असतात.

पौर्णिमेचा दिवस उजाडला. मैदानाच्या चारी कडा पिवळ्या झाल्या. झेंडूच्या शेताला माणसांची तोंडं फुटली म्हणावं असं गाव दिसत होतं. खालून आलेले उंबरठाणकर तोंडात बोट घालून बघत राहिले. ठकू धावत घरी गेली आणि दादाला म्हणाली, चल, बघ तरी.

सिदूनं दारातून एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ठकूला वाटलं होतं त्याच्या अगदी उलट घडलं होतं.

"पिवळं नको दाखवूस मला," तो म्हणाला. "मी सारखा वळून बघायचो म्हणून ती तशी उभी राहिली. माझ्यामुळे गेली ती, ठके."

वर्षभरात तो पहिल्यांदा एवढं बोलला होता. ठकूकडे आता इच्छा नव्हती, जादू नव्हती. मनाला ती लागतही नाही. तिनं वर्षभर पोटात दडवलेलं तेवढं होतं.

"तिची घोंगडी माझ्या अंगावर होती, दादा. तिनं मला विचारलं होतं, थंडी वाजते का. मी हो म्हणाले. नाही म्हणाले असते तर तिनं ती स्वतः घेतली असती."

सिदूनं तोंड तिच्याकडे वळवलं. तेवढ्यात काठी टेकत म्हादूतात्या त्याला शेवटचं विचारायला दारात आले. ते काही बोलणार तोच सिदूचा हात सवयीनं त्यांच्या पिवळ्या घोंगडीवर गेला. विणकरच तो, लोकर दिसली की बोटं जाणारच. त्यानं पोत चाचपला, काठ चाचपला, मग तळहात तसाच ठेवून उभा राहिला. विणकाम कुणाचंच नव्हतं. पण ती ऊब त्याला लहानपणापासून ओळखीची होती.

त्यानं ठकूच्या खांद्यावरच्या काळ्या घोंगडीला हात लावला. ती गारठलेली होती.

"ठके, काय केलंस तू हे?"

ठकूनं नुसती मान खाली घातली. तात्यांना काही समजलं नाही, ते आपले दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. आईची ऊब आता साऱ्या गावाच्या अंगावर आहे, हे सिदूला कळलं. त्यानं भिंतीवरची लंगोटी-बंडी काढली आणि मैदानाकडे चालायला लागला.

सामना असा रंगला की काही विचारू नका. सिदू दम धरून तांबड्या अंगणात शिरायचा, हुतूतू हुतूतू म्हणत वाकायचा, आणि मान वर केली की जिकडे तिकडे पिवळंच. त्या पिवळ्यात कुणीही कुडकुडत नव्हतं. कडेला ठकू मात्र उभी होती, दात वाजवत, हात काखेत घालून. चंपाकाकूचं लक्ष गेलं. तिनं काही न विचारता आपली घोंगडी उघडली आणि पोरीला आत ओढलं. आत लसणाचा न् मिश्रीचा वास होता, आईचा नव्हता. ऊब मात्र आईची होती. थोड्या वेळानं पलीकडच्या म्हातारीनं तिला मागून घेतलं, मग तिच्या सुनेनं. सामना संपेपर्यंत ठकू अशी कुशीकुशीतून फिरत राहिली.

आणि गारमाळ हरलं. हो, दोन गड्यांनी हरलं. परीकथा असली म्हणून काय झालं? उंबरठाणची पोरं खरंच चांगली खेळली.

एरवी हरल्यावर लोक घोंगड्या सावरत लगेच घरी पळायचे. त्या दिवशी कुणी हललं नाही. उंबरठाणचा म्होरक्या सिदूजवळ आला आणि म्हणाला की गड्या, पुढच्या पौषात आम्हालाही अशाच पण तांबड्या घोंगड्या विणून दे, गावभर पुरतील एवढ्या, पांढरी लोकर आम्ही देतो. सिदूनं मान डोलावली. मग तो एकटाच रेषेच्या कडेला चालत गेला. सामना संपला की आई तिथं पदरानं त्याचं तोंड पुसायची. पाय आपले सवयीनं गेले. तिथं पोचल्यावर त्याला कळेना की आता काय करायचं, आणि तो धुळीनं माखलेलं तोंड घेऊन तसाच उभा राहिला.

ठकू कुशीतून सुटून त्याच्याकडे निघाली, तोच तिच्या कानाशी पंखुल्यांची फडफड झाली.

"स्वतःसाठी मागायचं नाही हा नियम तुझ्यासाठी होता," परी म्हणाली. "न मागता द्यायचं नाही असा नियम मला कुणी घातलेला नाही. जाते मी, सोनुले."

ती उंच उडाली, आणि मैदानावर लख्ख उजेड फुटला. सोनेरी, केशरी, दवासारखा चकाकणारा, असा झगझगीत की कुणाला डोळे उघडे ठेवता येईनात. साऱ्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. म्हादूतात्या उन्हाला नावं ठेवत डोळे पुसू लागले. उजेड विरला, परी दिसेनाशी झाली, पण डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. मग चंपाकाकू मोठ्यानं म्हणाली, "राही इथंच उभी होती हो." वर्षभर त्या पोरांसमोर कुणी ते नाव घेतलं नव्हतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. आता एकानं घेतलं, दुसरीनं घेतलं, आणि सगळं गाव राहीसाठी मोकळेपणी रडलं.

सिदू गुडघ्यांवर बसला. ठकूनं आपल्या फाटक्या परकराच्या टोकानं त्याचं तोंड पुसायला घेतलं, आणि त्याला एकदाचा हुंदका फुटला. मग ठकूलाही फुटला. कुणीतरी येऊन दोघांवर मिळून एक पिवळी घोंगडी टाकली. बहीणभाऊ तिच्यात शिरून आईसाठी पोटभर रडली, आणि त्यांना कुणी उगी म्हटलं नाही.

ठकूला जशी रडायला ऊबदार जागा मिळाली, तशी ज्याचं कुणी गेलं असेल त्या प्रत्येक लेकराला मिळो. झाली गोष्ट. आता कड बदला आणि निजा.